मुसाफिर आणि मिसाफिर

२०१९ चा मे महिना. रमजानचा दुसरा आठवडा चालू होता. तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात, समुद्राकाठच्या कार्शियाका भागात, एका तिसऱ्या मजल्यावरच्या दारासमोर आम्ही दोघे आपापल्या बॅगा घेऊन उभे होतो. दार उघडणार होत्या त्या बाईंना आम्ही कधी पाहिले नव्हते. त्यांनी आम्हाला पाहिले नव्हते. ना नाते, ना ओळख, ना पैशांचा व्यवहार. तरी पुढच्या दोन रात्री आम्ही त्यांच्या घरी झोपणार होतो.

सोलापूरहून निघताना अम्मींनी हेच तर विचारले होते. “पराये मुलुक में, पराये घर में सोना? लोगां क्या कहेंगे?” अम्मींना आम्ही काहीतरी उत्तर दिले होते. पण त्या दारासमोर उभे राहिल्यावर तोच प्रश्न आमच्याही पोटात गोळा आणून गेला.

आम्ही दोघेही शाळेत शिकवतो, एक उर्दू आणि एक मराठी. चार वर्षे पैसे साठवून विमानाची तिकिटे निघाली, पण रोज हॉटेलात राहण्याइतकी ऐपत नव्हती. खरे सांगायचे तर आमची सुरुवात काटकसरीतून झाली. एका सहकारी शिक्षकाने ‘सर्वास’चे नाव सांगितले, तेव्हा आम्हाला वाटले, हा तर आपलाच शब्द! मराठीत सर्वास म्हणजे सर्वांना. पुढे कळले की तो एस्परांतो या जागतिक भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘सेवा करतो’ असा आहे. अर्थ वेगळा असला, तरी मराठी अर्थही संस्थेला शोभून दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, बॉब लुइटवाइलर या शांततावादी अमेरिकन माणसाने डेन्मार्कमधल्या मित्रांसह हे काम सुरू केले. कल्पना साधी होती. वेगवेगळ्या देशांतली माणसे एकमेकांच्या घरी राहिली, एका ताटात जेवली, तर उद्या एकमेकांवर बंदूक रोखताना त्यांचा हात थबकेल. सदस्य होण्यापूर्वी मुलाखत होते. मग ओळखपत्र मिळते, यजमानांची यादी मिळते. साधारण दोन रात्रींचा मुक्काम असतो आणि पैसे द्यायचे किंवा घ्यायचे नसतात. इंटरनेट आल्यावर याच वाटेने इतरही निघाले. २००४ मध्ये काउचसर्फिंग सुरू झाले आणि तरुणांमध्ये फार गाजले. आता तिथे बऱ्याच देशांत वर्गणी भरावी लागते. २००७ पासून बीवेलकम हे संकेतस्थळ स्वयंसेवक चालवतात आणि ते विनामूल्य आहे. सायकलवरून जग फिरणाऱ्यांचे वॉर्मशॉवर्स तर १९९३ पासून आहे.

आमच्या मुलाखतीत एक प्रश्न आला होता, “ज्याचे राहणीमान तुम्हाला पटत नाही, अशा माणसाकडे राहाल का? त्याला तुमच्याकडे ठेवाल का?” आम्ही झटकन ‘हो’ म्हणालो. वर्गात पहिल्या बाकावरचा मुलगा प्रश्न पुरता ऐकण्याआधीच हात वर करतो ना, तसे.

मग आठ घरांना पत्रे पाठवली. आपली नावे वाचून कोणी बिचकेल का, ही धास्ती आम्हालाच होती. तीन उत्तरे आली, त्यातली दोन होकाराची. पहिला होकार इझमीरच्या या निवृत्त शिक्षिकेचा होता.

सहरीचा दिवा

दार उघडले. बाई सत्तरीच्या जवळच्या, आखूड केस, पॅन्ट-शर्ट, चेहऱ्यावर मोकळे हसू. आम्ही जोडे काढताच त्यांनी घरात घालायच्या सपाता पुढे केल्या. हातांवर लिंबाच्या वासाचे कोलोन्या शिंपडले. आपल्याकडे गुलाबपाणी शिंपडतात, तशीच ही रीत. शेजारीण डोकावली तेव्हा त्यांनी अभिमानाने सांगितले, “मिसाफिरलेरिम, हिंदिस्तान!” उर्दूची सवय असलेल्या आमच्या कानांना वाटले, ‘माझे मुसाफिर’ म्हणत आहेत. पण तुर्की भाषेत मिसाफिर म्हणजे पाहुणा. शब्द एकच, अरबीतून निघालेला. आपल्याकडे तो वाटेवरच राहिला, तुर्कांनी त्याला घरात घेतले. न सांगता दारी आलेल्या पाहुण्याला तर ते ‘तान्री मिसाफिरी’ म्हणतात, म्हणजे देवाचा पाहुणा.

त्या संध्याकाळी शब्दांचा खेळच रंगला. किताप, कालेम, दुनिया, दुक्क्यान, पेर्दे, मेयदान, पेयनिर, ताझे, हाफ्ता. किताब, कलम, दुनिया, दुकान, पडदा, मैदान, पनीर, ताजा, हप्ता. जिथे शब्द संपत, तिथे मोबाइलवरचा भाषांतरकार मदतीला येई. बाईंना ‘आबला’ म्हणायचे ठरले. आबला म्हणजे आपा.

पण रात्री खोलीत आल्यावर आमचा सूर बदलला. भिंतीवर अतातुर्कची तसबीर होती. घरात मुसल्ला दिसला नव्हता. आबलांचा रोजा नव्हता, हे दुपारीच कळले होते. स्वयंपाकघरातल्या कपाटावर दारूची एक बाटलीही नजरेस पडली होती. आम्ही दबक्या आवाजात बोलू लागलो. इथे रोजे कसे होणार? भांडी कशी असतील? सफरीत रोज्याची सवलत आहे, मग उद्या रोजा सोडूनच द्यावा का? की सकाळी काही निमित्त काढून हॉटेल पाहावे? मुलाखतीतल्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्ही त्या खोलीत देत होतो, आणि ते नापास होण्यासारखे होते.

शेवटी, पाणी आणि खजूर जवळ आहेत, तेवढ्यावर रोजा ठेवू, असे ठरवून गजर लावून झोपलो.

तीन वाजता गजर होण्याआधीच जाग आली. दाराखालून उजेड येत होता. बाहेर आलो तर स्वयंपाकघरात आबला उभ्या. तव्यावर टोमॅटो-मिरचीत अंडी शिजत होती. तुर्क याला मेनेमेन म्हणतात. टेबलावर ऑलिव्ह, पांढरे चीज, मध, पाव आणि काचेच्या छोट्या ग्लासांत लालसर चहा मांडलेला. कपाटावरची बाटली दिसत नव्हती. आम्ही काही बोललो नव्हतो, त्यांनीही काही सांगितले नाही.

आम्ही खात असताना त्या समोर नुसत्या बसून होत्या. मग मोबाइलवर काही लिहून त्यांनी तो आमच्यापुढे सरकवला. लिहिले होते, “मी रोजे ठेवत नाही. माझी आई ठेवायची. ती गेल्यापासून या घरात सहरीचा दिवा लागला नव्हता.”

घास घशात अडकला. ज्या घराला आम्ही रात्री ‘आपले नाही’ ठरवून टाकले होते, त्या घरातली एक वयस्कर बाई आमच्या रोज्यासाठी झोप मोडून उठली होती. सुरह हुजुरातमध्ये आले आहे की माणसांच्या कौमा आणि कबिले केले गेले, ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून. आम्ही दोघांनी हे शाळेच्या व्यासपीठावरून कितीदा सांगितले असेल! पण ओळख करून घेण्याआधीच निकाल देण्याची घाई आम्ही केली होती.

डेनिझलीचे टॉवेल, सोलापूरची चादर

इझमीरहून रेल्वेने चार-पाच तासांवर डेनिझली. निघताना आबलांनी आमच्या पाठीमागे रस्त्यावर भांडेभर पाणी ओतले. पाण्यासारखे सुखरूप जा आणि पाण्यासारखे परत या, असा त्याचा अर्थ. दुसरा होकार डेनिझलीहून आला होता. डेनिझली म्हणजे तुर्कस्तानातले टॉवेलचे गाव. आणि आम्ही कुठले, तर चादर आणि टॉवेलसाठी भौगोलिक मानांकन मिळवलेल्या सोलापूरचे! यजमान टॉवेलच्या गिरणीत कामाला होते. घरात बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. आम्ही नेलेली सोलापुरी चादर त्यांनी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, काठावर अंगठा फिरवला आणि आनंदाने मान डोलावली. वीण ओळखायला त्यांना भाषांतरकार लागला नाही. शेंगाचटणीची चव मात्र मुलांना झेपली नाही. पाण्याचा जगच रिकामा झाला.

सव्वाआठच्या सुमारास इफ्तार झाला. मसूर डाळीचे सूप, रमजानसाठी खास भाजलेला गोल पिदे, शेवटी दुधातले गुल्लाच. पहाटे सहरीला जागवणारा ढोलवाला गल्लीतून गेला. आमच्या मोहल्ल्यातही पूर्वी असेच जागवणारे येत असत. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी हट्ट धरला, “आजचा इफ्तार आमच्याकडे.” यजमान म्हणाले, “पाहुणे माझे आहेत.” जिन्यात बराच वेळ गोड भांडण चालले.

आम्हाला हसू आवरेना, कारण असेच भांडण आम्ही सफरनाम्यात वाचले होते आणि तेही याच गावातले! इब्न बतूता १३२५ मध्ये तांजियरहून निघाला आणि पुढे फिरत फिरत डेनिझलीला आला. तेव्हा या शहराला लाझिक म्हणत. बाजारातून जाताना काही तरुणांनी दुकानांतून उतरून त्याच्या घोड्याचा लगाम धरला. तेवढ्यात दुसरे धावून आले. बाचाबाची झाली, सुरे निघाले. भाषा कळत नव्हती, त्यामुळे हे लुटारू असावेत असे त्याला वाटले. मग अरबी जाणणारा एक हाजी भेटला. त्याने सांगितले, हे दोन ‘अखी’ मंडळांचे तरुण आहेत आणि पाहुणा कोणाचा, यावरून भांडत आहेत! शेवटी चिठ्ठ्या टाकून निकाल लागला.

हे अखी म्हणजे कारागिरांची मंडळे. दिवसभर काम करायचे, संध्याकाळी कमाई एकत्र आणायची, त्यातून जेवण रांधायचे आणि गावात उतरलेल्या मुसाफिराला जेवू घालायचे. आज मोबाइलवर यजमान शोधले जातात. तेव्हा लगाम धरून पाहुणा पळवत. पद्धत बदलली आहे, रीत जुनीच आहे.

निघण्यापूर्वी

मात्र विश्वास ठेवायचा तो डोळे उघडे ठेवून. आमच्या बहिणी-लेकींनी हे वाचून उद्याच निघावे, असे आम्ही म्हणणार नाही. यजमानाची पूर्ण माहिती आणि आधी राहून गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचावेत. शक्यतो कुटुंबाकडे किंवा महिलेकडे उतरावे. पहिली भेट स्टेशनवर किंवा गर्दीच्या चौकात घ्यावी. पत्ता आणि फोन नंबर घरच्यांना कळवावा. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे बाजूला ठेवावेत. मन कचरले तर भीड न धरता निघून यावे. हलाल, दारू, नमाज याविषयी पहिल्याच पत्रात नम्रपणे लिहावे. ऐनवेळी यजमानाला कोड्यात टाकू नये. आणि फुकट मिळते म्हणून तळ ठोकू नये. मेहमानाचा हक्क तीन दिवसांचा, यजमान अडचणीत येईल इतके राहू नये, ही शिकवण हदीसमध्ये आलीच आहे. भांडी घासावीत, एखादा दिवस आपण स्वयंपाक करावा.

यजमान होतानाही कायदा पाळावा. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवणे आपल्याकडे बंधनकारक आहे.

हे आम्हाला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये करावे लागले. अर्जेंटिनाचे एक निवृत्त जोडपे विजापूरचा गोल घुमट पाहायला निघाले होते. वाटेत सोलापुरात दोन रात्री ठेवाल का, असे त्यांनी विचारले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चौकशी केली. त्यांना पासपोर्टच्या प्रती आणि नोंदणीची पावती दाखवली. खरी अडचण घरातच होती. “उनके बर्तन अलग रखना,” अम्मींनी बजावले. ते काय खातात, काय पितात, कोणास ठाऊक.

आम्ही वाद घातला नाही. इझमीरची ती रात्र अम्मींना पहिल्यांदाच पूर्ण सांगितली. दबक्या आवाजातले आमचे बोलणे, कपाटावरची बाटली, तीन वाजताचा दिवा, काहीच लपवले नाही. अम्मी गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे येण्याआधी पाहिले, तर ईदला निघणारा चिनी मातीचा सेट धुऊन टेबलावर मांडलेला. आम्ही पाहतच राहिलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “मेहमान के बर्तन कायकू अलग?”

दोन दिवसांत अम्मींनी त्या बाईंना कडक भाकरी कशी मोडायची ते शिकवले. एकीला स्पॅनिश येई, दुसरीला दखनी. तरी गप्पा थांबल्या नाहीत. शेजारच्या काकूंनी शेंगापोळी पाठवली. पाहुणे निघाले तेव्हा जिन्याच्या तोंडाशी अम्मी हातात लोटा घेऊन उभ्या होत्या. पाण्याची ती रीत आमच्या बोलण्यात कधी आली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली होती.

पुढच्याच वर्षी कोरोनाने सगळ्यांचे दरवाजे बंद केले. आमचे पुन्हा परदेशी जाणे झालेले नाही. पण परदेशी जाणे हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे, आणि त्यातला खर्चिक. उरलेला अर्धा भाग आपल्याच घरात असतो. त्याला लागते एक जादा गादी, एक धुतलेली चादर आणि आलेल्या माणसाविषयी निकाल द्यायला थोडा उशीर करण्याची तयारी. गादी आमच्याकडे आता कायमची आहे. तयारी अजून चालू आहे.

दर रमजानमध्ये एका पहाटे इझमीरहून फोनवर आबलांचा आवाज येतो. वाक्य ठरलेले असते, “सहरीला उठलात ना?”