ओळीच्या टोकाचा पंचनामा

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्याच्या गावांची, प्रत्येक ओळीत एकच नाव असलेली यादी कोणा परिचिताने आपल्या विंडोज संगणकावरून पाठवावी, आणि तीतून ज्यांच्या नावाच्या अखेरीस ‘वाडी’ आहे तेवढीच गावे वेगळी काढावीत, एवढेच मूळ काम होते. लिनक्सवर अशा कामासाठी ‘ग्रेप’ नावाची, केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास सिद्ध केलेली आणि अद्याप विनातक्रार राबणारी आज्ञा आहे. ‘वाडी’ या अक्षरांपुढे डॉलरचे चिन्ह घातले की ‘येथे ओळ संपलीच पाहिजे’ अशी अट लागू होते, आणि याच तालुक्यातले वाडीवऱ्हे, ज्याच्या नावाचा वाडीने आरंभ होतो पण शेवट होत नाही, ते आपोआप गाळले जाते.

आज्ञा दिली, आणि उत्तरादाखल एकच गाव रुजू झाले. डॉलरचे चिन्ह काढून पाहिले, तर साऱ्या वाड्या हजर, त्यांच्याबरोबर वाडीवऱ्हेही हजर. म्हणजे अक्षरे जुळत होती, आणि अडचण असलीच तर अक्षरे संपल्यानंतरच्या, पडद्यावर कोरी दिसणाऱ्या जागेत होती. नवखा मनुष्य अशा वेळी आज्ञेचे शुद्धलेखन पुन्हापुन्हा तपासत बसतो. परंतु जे एकमेव गाव आले ते यादीतले अगदी शेवटचे होते, ही गोष्ट ज्याच्या नजरेस येईल त्याचा निम्मा तपास तेथेच पुरा होतो. फाईलमधल्या शेवटच्या ओळीखाली दुसरी ओळ नसल्यामुळे ओळ संपवणारी खूण पुष्कळदा तिला जोडलेलीच नसते. तेव्हा जे इतर सर्व ओळींना चिकटले आहे आणि हिला नाही, तेच कसूरदार.

डोळ्यांची साक्ष येथे निरुपयोगी असल्याने बाइटांचाच पंचनामा करावा लागतो. त्यासाठी पुष्कळजण ‘कॅट’ला मोठ्या ए-ची जोड देतात, पण देवनागरी मजकुराचा ती असा काही चिवडा करून दाखवते की माझा कल ‘ओडी’कडे असतो. ‘ओडी’ला सी-ची जोड दिली की देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांच्या अष्टमान आकड्यांत उलगडते: ‘वा’चा व म्हणजे ३४० २४४ २६५, शेवटची दीर्घ वेलांटी म्हणजे ३४० २४५ २००, आणि त्या २०० नंतर जेथे उलटी तिरकी रेघ व एन एवढेच असावयास हवे, तेथे त्याच्या अगोदर उलटी तिरकी रेघ व आर उभे होते. हा आर म्हणजे कॅरेज रिटर्न, आस्की कोष्टकातील १३ क्रमांकाचे चिन्ह.

याची वंशावळ दूरमुद्रकापर्यंत जाते. त्या यंत्रात छपाईचा गाडा डाव्या कडेला परत नेणे ही एक क्रिया आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही दुसरी, म्हणून हुकूमही दोन. युनिक्सने त्यांतला १० क्रमांकाचा, ओळ सरकवण्याचाच हुकूम पुरेसा मानला. सीपी-एम व त्यामागून १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने दोन्ही जतन केले, आणि विंडोजने तो वारसा चालवला. लिनक्सवरील ग्रेपला ओळ संपते ती १० पाशी. १३ तिच्या लेखी ‘वाडी’च्या पुढचे आणखी एक अक्षर. टर्मिनलला मात्र गाडा परत नेण्याचा जुना हुकूम अद्याप मान्य आहे: नावापुढे ‘तालुका इगतपुरी’ छापावयास सांगितले, तर ते शब्द गावाच्या नावावरच येऊन बसतात आणि गाव दिसेनासे होते.

‘टीआर’ या आज्ञेने १३ चे चिन्ह सरसकट काढून टाकता येते, व त्यात धोका नाही, कारण देवनागरीच्या कोणत्याही बाइटसमूहात तो आकडा येत नाही. खरी कसोटी त्यापुढे लागली. काही वाड्या अजूनही गैरहजर होत्या, आणि ओडीने दाखवले की त्यांच्या शेवटी ३०२ २४० असे दोन बाइट आहेत. वेबपानावरून उचललेल्या मजकुराबरोबर बहुधा येणारी, न तुटणारी मोकळी जागा ती हीच. लिनक्सवर ‘कोणतीही मोकळी जागा’ असा व्यापक शोध घातला तरी ती सापडत नाही, कारण मोकळ्या जागांच्या वर्गात तिची गणनाच होत नाही. तीही टीआरनेच उडवावी असे वाटणे स्वाभाविक आहे, पण टीआर बाइट सुटे सुटे पाहते, आणि २४० हाच ‘ठ’चा तिसरा बाइट असल्यामुळे त्या एका हुकुमासरशी यादीतला प्रत्येक ‘ठ’ छिन्न होतो. तेव्हा हे काम ‘सेड’वर सोपवून, दोन्ही बाइट लगत व ओळीच्या टोकाशी असतील तरच काढ, अशी तजवीज करावी लागते.

‘अदृश्य ते सर्व हद्दपार’ असा जो सार्वत्रिक उपाय सांगतात, तो मराठी मजकुरास तर मुळीच लावू नये. वाडीवऱ्हे या नावातला ऱ्ह दोन रीतींनी टंकता येतो: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा एक जोडक, जो कधीच दिसत नाही पण ज्याच्यावाचून अर्धा र उडून ह-च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. हा जोडक शब्दाच्या पोटात असेल तर अक्षराचा अवयव, आणि ओळीच्या टोकाशी असेल तर कचरा. म्हणून छाटणी करावयाची ती टोकापुरतीच.

इतके झाल्यावर साऱ्या वाड्या आल्या, वाडीवऱ्हे बाहेर राहिले, आणि यादी परत रवाना झाली. परिचिताने ती आपल्या संगणकावर उघडली, दोन नावे दुरुस्त केली, जतन केली व पुन्हा माझ्याकडे धाडली. त्याबरोबर प्रत्येक ओळीचे तेरा क्रमांकाचे चिन्ह पूर्ववत आपल्या जागी. आता ती सफाईची आज्ञा मी ग्रेपच्या आधी कायमचीच लिहून ठेवली आहे, आणि फाईल कोठून आली हे विचारीत बसत नाही.