आजीचं 'पुराण'

कर्वे रोडच्या ट्रॅफिकला आपण रोज नावं ठेवतो. पण ज्यांचं नाव या रस्त्याला आहे, त्या महर्षींच्या बायकोचं नाव तुम्हाला ठाऊक आहे?

आनंदीबाई कर्वे, म्हणजेच सगळ्यांच्या 'बाया'. माहेरच्या देवरुखच्या गोदू. संसार कळायच्या आत वैधव्य आलं. मग पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिक्षण आणि 1893 मध्ये पुण्यात अण्णांशी पुनर्विवाह. मुरूडकरांनी बहिष्कार टाकला. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून हिंगण्याच्या विधवाश्रमात पायी जायचे, आणि इकडे घर ओढायच्या बाया!

हे मला कळलं 'माझे पुराण'मुळे. बायांचं हे आत्मचरित्र 1944 मध्ये आलं आणि 1950 मध्ये त्या गेल्या. अण्णांचं 'आत्मवृत्त' 1915 पासून होतंच. पण त्याच संसाराची स्वयंपाकघरातली बाजू बायांशिवाय कोण सांगणार होतं?

माझी आजी नव्वदी पार करून गेली. तिनं काही लिहिलं नाही, पण 12 जुलै 1961 ची पानशेतच्या पुराची तिची गोष्ट माझ्या मोबाइलमध्ये आहे. मध्येच कुकरची शिट्टी होते. "गॅस बारीक कर गं," म्हणते आणि आजी पुन्हा पुरात शिरते. इतिहासाच्या पुस्तकात धरण फुटतं. आजीच्या गोष्टीत मात्र भिजलेलं धान्य वाळत घालावं लागतं.

तर मंडळी, या वीकेंडला मल्टिप्लेक्स राहू द्या. आजीशेजारी बसा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि फक्त विचारा, "मग काय झालं गं?"