उतारवयातील धावणे

पन्नाशी उलटलेला गृहस्थ भल्या पहाटे रस्त्याने धावताना दिसला, की आपल्या गावात त्याला प्रथम विचारतात, "काय हो, गाडी चुकली का?" विचारणाऱ्याचा दोष नाही. वडीलधाऱ्या माणसाने धावावयाचे ते काही संकट असल्याखेरीज नव्हे, अशीच आपली समजूत आहे. आमच्या वस्तीजवळच्या मैदानावर आम्ही सात-आठ जण रोज जमतो. त्यांत निवृत्त बसवाहक आहेत, माग सोडलेले विणकर आहेत, एक हिशेबनीस आहेत. शर्यत जिंकण्याची हौस कोणालाच नाही. मग धावतात कशासाठी, आणि एकेकटे न धावता मिळून का, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे; माझी शाळा सातवीतच सुटली. कामगारांच्या आजारपणाचे अर्ज लिहिता लिहिता जे वाचावे लागले, त्याच्या आधाराने बोलतो आहे.

या वाचनात मला प्रथम भेटले ते लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस. तेथील दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्या सुमारे ३१,००० कामगारांची पाहणी करून त्यांनी १९५३ साली आपले निष्कर्ष छापले. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे देत जिना चढे-उतरे. गाडी एक, धूर एक, मालकही एकच. पण हृदयविकार चालकांत पुष्कळच अधिक आणि वाहकांत कमी. टपाल वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यातही हाच फरक आढळला. मॉरिस प्रामाणिक माणूस. पुढे त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरा नोकरीच्या आरंभापासूनच मोठ्या असल्याचे दिसले आणि तेही त्यांनी छापले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. परंतु हालचालीने हृदयाचे रक्षण होते, हे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी पक्के झाले आहे.

आता न्यूझीलंडकडे वळू. ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचे गृहस्थ जोड्यांच्या कारखान्यात काम करीत. ऐन तारुण्यात पाच मैल धावून धाप लागली, याची लाज वाटून त्यांनी स्वतःच्याच देहावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांनी पुढे केलेले काम. हृदयविकारी माणसाने अंथरुणावर स्वस्थ पडून राहावे, असा सल्ला त्या काळी सर्रास मिळे. लिडियार्डनी पोट सुटलेल्या, काही तर झटका येऊन गेलेल्या प्रौढांना हळूहळू धावावयास लाविले आणि १९६२ साली त्यांचे मंडळ उभे राहिले. त्याच सुमारास अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बोअरमन तेथे पाहुणे म्हणून आले. वय पन्नाशीच्या पुढे, स्वतःविषयी खात्री दांडगी. रविवारच्या धावेत ते मागे पडले, आणि त्यांच्या सोबतीला मागे राहिला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयाचे झटके सोसलेला एक म्हातारा! घरी परतताच बोअरमननी आपल्या गावच्या नागरिकांना हेच शिकविण्यास सुरुवात केली.

या मंडळींचे माप साधे होते. धावताना शेजाऱ्याशी सलग बोलता आले पाहिजे; शब्द तुटू लागले की वेग कमी करावयाचा. पाहा, हे माप वापरावयाचे तर शेजारी हवाच. एकट्याने बोलत धावणाऱ्यास लोक वेगळ्याच डॉक्टरकडे नेतील.

दुसरी गोष्ट शरीराच्या रचनेची. नियमाने धावू लागले की दम काही आठवड्यांत वाढतो. पण स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर आणि स्वतः हाडे यांना बळ येण्यास महिने लागतात, आणि उतारवयात झीज भरून येणेही मंदावते. दम म्हणतो चल, घोटा म्हणतो थांब. नवशिक्या म्हाताऱ्याचे पाय दुखावतात ते या भांडणात.

म्हणून आम्ही चहाच्या टपरीवर एक वही अडकविली. किती फेऱ्या झाल्या, झोप लागली का, कुठे दुखते, हे ज्याने त्याने लिहावयाचे आणि इतरांनी वाचावयाचे. सुरुवातीस आम्ही फेऱ्यांचेच तेवढे वाचत असू. एक चालकदादा रोज फेरी वाढवीत, आणि आम्ही टाळ्या देत असू. त्यांत मी सर्वांच्या पुढे. मोर्चात माणसे पुढे नेण्याची सवय, दुसरे काय! चार दिवस त्यांची छाती जड होत होती. आमच्या टाळ्यांच्या भिडेने त्यांनी ते लिहिले नाही. पाचव्या दिवशी ते मैदानातच खाली बसले. वेळेवर इस्पितळात नेले, म्हणून वाचले. आता आमच्याबरोबर चालतात. तेव्हापासून वहीत दुखणे आधी, फेऱ्या मागाहून. छातीत जडपणा, हात किंवा जबडा दुखणे, नेहमीपेक्षा अधिक धाप, यांपैकी काही असले तर धावणे तिथेच थांबवून डॉक्टरकडे, आणि सोबत एकाने जावयाचे. थांबलेल्याला कोणी भित्रा म्हणावयाचे नाही. नव्याने येणाऱ्याला तर प्रकृती दाखवून आल्याशिवाय आम्ही चालण्यापलीकडे जाऊ देत नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. ऑकलंडच्या मंडळात आरंभी सुखवस्तू व्यापारी बरेच होते, हे मी मुद्दाम सांगतो. सकाळ ज्याच्या मालकीची, तो धावतो. त्याच न्यूझीलंडात १८४० साली सॅम्युअल पार्नेल या सुताराने आठ तासांहून अधिक काम करणार नाही, अशी अट घातली होती. मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवार मिळाला तो १८९० साली, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने, फुकट नव्हे. आमच्या मैदानाच्या कडेने ठेकेदाराकडचा एक रखवालदार बारा तासांची पाळी संपवून घरी जातो. वय आमच्याएवढेच. तो जाताना हात करतो, आम्हीही करतो. वहीत त्याचे नाव आजवर दोनदा आले आहे.