बुडतो तो खरा, तरंगतो तो खोटा?

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. खोडाळा, मोखाडा, जव्हार या डोंगराळ मुलुखाला त्र्यंबकेश्वर जवळचे. यात्रेहून परतताना कोणी तुळशीची माळ आणतो, कोणी रुद्राक्षांची. खोडाळ्यातील एका घरी अशीच १०८ रुद्राक्षांची जपमाळ आली. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी पेलाभर पाणी मागविले आणि माळेबरोबर मिळालेला एक सुटा मणी त्यात टाकला. मणी तरंगला. “बुडतो तो खरा, तरंगतो तो खोटा,” असा निकाल लागला आणि आजींनी ती माळ डब्यात टाकून दिली. त्यांचा नातू नववीत आहे. त्याने मला विचारले, “सर, हे आर्किमिडीजला पटेल का?”

प्रश्न नेमका होता. पाण्यात टाकलेली वस्तू बुडते की तरंगते, हे तिच्या घनतेवर ठरते. समजा, मणी १६ मिलिमीटर व्यासाचा गोल आहे. त्याचे घनफळ साधारण २.१४ घन सेंटिमीटर येईल. म्हणजे तो पूर्ण बुडाला, तर २.१४ ग्रॅम पाणी बाजूला सारील. मण्याचे वस्तुमान २.३ ग्रॅम असेल तर तो बुडेल, २ ग्रॅम असेल तर तरंगेल. या हिशेबात झाडाचे नाव कोठेच येत नाही! बेकेलाइटच्या मण्याची घनता सुमारे १.३ असते; तो हमखास बुडेल. लाकडी मण्याच्या पोटात शिशाचा लहानसा तुकडा दडविला, तर तोही तळ गाठील.

मग अस्सल रुद्राक्ष तरंगतो तरी का? त्यासाठी रुद्राक्ष म्हणजे काय ते पाहू. इलिओकार्पस या प्रजातीतील एका वृक्षाच्या फळाची ती आठळी. हा वृक्ष नेपाळात, हिमालयाच्या पायथ्याशी आणि इंडोनेशियात वाढतो. फळ सुंदर निळे असते. (या निळाईत निळे रंगद्रव्य नसते. सालीतील अतिसूक्ष्म थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणाने ती दिसते, हे डेव्हिड ली यांनी १९९१ साली दाखविले. साबणाच्या फुग्याचे रंग आठवा.) गर काढून टाकला की खडबडीत, खाचांची आठळी उरते. आत कप्पे असतात आणि जितके कप्पे तितक्या उभ्या खाचा. त्यांनाच आपण मुखे म्हणतो. पंचमुखी सर्वांत जास्त मिळतात. आठळी वाळली की कप्प्यांतील आणि पेशींमधील पाण्याची जागा हवा घेते. ही कोंडलेली हवाच मण्याला तरंगविते.

लाकडाच्या पेशीभित्तिकांची स्वतःची घनता सुमारे १.५ असते. म्हणजे हवा वगळली, तर लाकूडही पाण्यात बुडणाराच पदार्थ! मी नातवाला सांगितले, “मणी पेल्यातच राहू दे, रोज सकाळी बघ.” सूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू शिरले, हवा निघून गेली आणि चौथ्या दिवशी तोच मणी तळाशी बसलेला दिसला. सोमवारी खोटा असलेला मणी गुरुवारी खरा झाला. मग त्याने एक लिटर पाण्यात १६० ग्रॅम मीठ विरघळविले. अशा द्रावणाची घनता १.१ च्या आसपास येते. नुकताच बुडालेला मणी त्यात पुन्हा वर आला. आजी हे सारे पाहत होत्या. “म्हणजे हा पाण्याचा खेळ म्हणायचा,” एवढेच त्या बोलल्या आणि डबा घेऊन आल्या.

दुसरी एक परीक्षा तांब्याच्या दोन नाण्यांची. दोन नाण्यांमध्ये चिमटीत धरलेला रुद्राक्ष गर्रकन फिरतो आणि त्यावरून त्यात विद्युतशक्ती असल्याचे सांगतात. मण्याचा पृष्ठभाग उंचसखल असतो, त्यामुळे वरचे आणि खालचे नाणे त्याला एका सरळ रेषेत टेकत नाही. बोटांनी दाब दिला की दोन बले समोरासमोर न येता बाजूने पडतात, बलयुग्म तयार होते आणि मणी फिरतो. बोराची आठळी किंवा खडबडीत खडा घेऊनही हे करून पाहता येईल.

खरेखोटेपणा पाहायचाच तर रचना पाहावी लागते. कोरून वाढविलेली मुखे बाहेर दिसतात, पण आत तितके कप्पे नसतात. मणी आडवा कापला की हे कळते, मात्र मणी जातो. क्ष-किरणांनी न कापताही आतले कप्पे दिसतात. डिंकाने चिकटविलेले तुकडे पुष्कळदा उकळत्या पाण्यात सुटतात. तुळशीच्या माळेला यातले काहीच लागू नाही. तिचे मणी झुडपाच्या वाळलेल्या काड्या कापून, भोके पाडून हाताने घडविलेले असतात. पंढरपुरात काशीकापडी समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत.

शाळेत हा प्रयोग करायला महागडे रुद्राक्ष नकोत. बोर, जांभूळ, मोह यांच्या बिया धुऊन आठवडाभर उन्हात वाळवा. वजन करून पाण्यात टाका. रोज एकदा काढा, फडक्याने पुसा, पुन्हा वजन करा आणि आलेख काढा. बी बुडाली तो दिवस आलेखावर खुणेने दाखवायला विसरू नका.