शेजारी प्रतिस्पर्धी आणि सामन्यांचे वेळापत्रक

‘प्रतिस्पर्धी’ या शब्दातील ‘प्रति’ हा उपसर्ग समोरासमोर असण्याचा अर्थ देतो. स्पर्धक पुष्कळ असू शकतात. प्रतिस्पर्धी मात्र नेहमी कोणाचा तरी असतो. हा संबंध एका सामन्याने जुळत नाही. तेच दोन संघ वर्षानुवर्षे एकमेकांसमोर उभे राहिले म्हणजे तो निर्माण होतो. महाविद्यालयीन खेळांत ही पुनरावृत्ती कशावर अवलंबून असते, याचा विचार प्रस्तुत लेखात वर्धा परिसराच्या आधारे करावयाचा आहे.

आपल्याकडे दोन महाविद्यालयांची गाठ पडणे हे अंतरावर नव्हे, तर संलग्नतेवर अवलंबून असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एकाच विद्यापीठाच्या कक्षेत होतात. त्यांतून निवडलेला संघ पुढे भारतीय विद्यापीठ महासंघाच्या विभागीय स्पर्धेत उतरतो. साहजिकच विद्यापीठाची सीमा हलली की प्रतिस्पर्धी बदलतात. वर्धा नदीच्या अलीकडचे पुलगाव आणि पलीकडचे धामणगाव ही शेजारची गावे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि नदी हीच क्रीडास्पर्धांचीही सीमा ठरली. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाच्या स्थापनेने चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हेही निराळे झाले.

सावंगी (मेघे) येथील उदाहरण याहून बोलके आहे. येथील वैद्यकीय महाविद्यालय १९९० सालचे. २००५ मध्ये त्याच्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जवळच्याच सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झाले. ते आज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. विषय एक, जिल्हा एक, तरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत या दोहोंची भेट होत नाही.

विभागीय स्पर्धेत तरी शेजाऱ्यांची गाठ पडेल काय? पश्चिम विभागात महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान येथील विद्यापीठेही असतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत ३२ संघ आहेत, सर्वांचे बळ सारखे आहे व जोड्या केवळ सोडतीने पडल्या आहेत, असे समजू. दर सामन्यात एक संघ बाद होतो, म्हणून सामने ३१ होतील. संभाव्य जोड्या मात्र ४९६ आहेत. अर्थात कोणत्याही दोन ठरावीक संघांची गाठ पडण्याचा संभव सोळात एक एवढाच. विद्यार्थी तीन-चार वर्षांत महाविद्यालय सोडतो; तेव्हा कित्येक खेळाडूंच्या वाट्याला हा सामना कधीच येणार नाही.

साखळी पद्धतीत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, परंतु ३२ संघांना ४९६ सामने खेळविणे अशक्यप्राय आहे. सहा संघांना मात्र १५ सामने, म्हणजे पाच फेऱ्या, पुरतात. त्यांची आखणीही सोपी असते: एक संघ जागेवर स्थिर ठेवून उरलेले पाच प्रत्येक फेरीला एकेक स्थान पुढे सरकवावयाचे. आरंभीची मांडणी विचारपूर्वक केली, तर दोन शेजाऱ्यांचा सामना हव्या त्या फेरीत, अगदी शेवटच्याही फेरीत, आणता येतो.

सीमाबदलाचा हा परिणाम केवळ आपल्याकडेच दिसतो असे नाही. अमेरिकेतील टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या विद्यापीठांचा जुना फुटबॉल सामना २०११ नंतर खंडित झाला, कारण दुसऱ्याने निराळ्या संघटनेत प्रवेश केला. पहिलेही त्याच संघटनेत आल्यावर २०२४ मध्ये तो पुन्हा झाला. याउलट ऑक्सफर्ड व केंब्रिज यांचा क्रिकेट सामना १८२७ साली दोन विद्यापीठांनी आपसांत ठरवून सुरू केला. तो कोणत्याही स्पर्धेच्या वर्गवारीवर विसंबून नसल्यामुळेच दीर्घकाळ टिकला.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. विद्यापीठांच्या सीमा प्रशासनाच्या सोयीने आखल्या जातील. त्या खेळासाठी बदलण्याची अपेक्षा धरता येत नाही. परंतु दोन महाविद्यालयांनी परस्परसंमतीने वार्षिक सामना ठरविण्यास त्यांची आडकाठी नाही. परीक्षांची वेळापत्रके निराळी असल्यामुळे तारीख वर्षारंभीच निश्चित करावी, ती विभागीय स्पर्धांपूर्वीची असावी, आणि मैदान आलटून पालटून घ्यावे. दूरच्या शहरातील सामन्याला आपल्या गावचा प्रेक्षक क्वचितच पोहोचतो. सेवाग्रामहून सावंगीस मात्र तो सहज येऊ शकतो. प्रतिस्पर्धी शेजारीच आहे. उणीव आहे ती केवळ ठरलेल्या तारखेची.