शेवटपर्यंत बसणारी थट्टा

सिनेमाची थट्टा करायची तर तो आधी शेवटपर्यंत बघावा लागतो. अट साधी आहे, पण विनोदाच्या धंद्यात ती पाळणारे थोडेच. बहुतेकजण गाजलेला एखादा प्रसंग उचलतात, नायकाची लकब पकडतात आणि तेवढ्यावर काम भागवतात. अमेरिकेत मिनियापोलिस शहरातल्या केटीएमए नावाच्या छोट्या स्थानिक वाहिनीवर २४ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याने ही अट आपल्या रचनेतच बसवून टाकली. कल्पना जोएल हॉजसन या विनोदी कलावंताची. जुना, बहुधा फसलेला विज्ञानपट पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत चालू राहतो आणि पडद्याच्या खालच्या कडेला, प्रेक्षागृहाच्या खुर्च्यांत बसलेल्या तीन काळ्या आकृत्या त्याच्यावर बोलत राहतात. एक माणूस आणि दोन बाहुल्या. संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याहून मिनियापोलिस फार लांब. तरी वऱ्हाडातल्या यात्रांत तंबूतला सिनेमा बघितलेल्या पिढीला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. तंबूत रीळ तुटलं किंवा खलनायकाची मिशी सुटली, की मागून आवाज यायचाच. असा आवाज शेवटपर्यंत बसून, मेहनत घेऊन काढला, तर विस्मरणात गेलेल्या कामाकडे पुन्हा लक्ष वेधण्याची ती एक चांगली रीत ठरते, असं माझं म्हणणं आहे. या कार्यक्रमाचा इतिहास त्याचा भक्कम पुरावा देतो.

कार्यक्रमाची गोष्ट मुद्दाम पोरकट ठेवलेली आहे. दोन माथेफिरू शास्त्रज्ञ आपल्याच संस्थेतल्या एका साध्या नोकराला अंतराळयानात डांबतात आणि त्याच्यावर भिकार सिनेमांचा मारा करून त्याचं डोकं कधी फिरतं ते बघत बसतात. एकटेपणा घालवायला तो यानाच्या सुट्या भागांतून यंत्रमानव बनवतो. १९७२ च्या ‘सायलेंट रनिंग’ या सिनेमातही अंतराळात एकट्या पडलेल्या माणसाला छोट्या यंत्रांची सोबत असते. हॉजसनची प्रेरणा तीच. दोघांपैकी एका शास्त्रज्ञाचं नाव फॉरेस्टर, हे १९५३ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधल्या शास्त्रज्ञावरून घेतलेलं. टॉम सर्वो या यंत्रमानवाचं डोकं म्हणजे च्युइंगमच्या गोळ्या काढायच्या यंत्राचा पारदर्शक गोळा. क्रो या दुसऱ्याची चोच बोलिंगच्या खेळातली पिन उभी चिरून केलेली, डोळे पिंगपाँगच्या चेंडूंचे. खुर्च्यांची रांग म्हणजे कापून काळा रंग दिलेला फोमचा पुठ्ठा. त्याच्यामागे कलावंत खाली दडून बाहुल्या वर धरतात, समोरच्या मॉनिटरवर सिनेमा बघत बोलतात आणि त्यांची सावली मूळ चित्रावर बसवली जाते. हा सगळा मालमसाला नीट बघण्यासारखा आहे. ज्या सिनेमांत थर्माकोलचे ग्रह आणि रबरी राक्षस होते, त्यांच्याइतक्याच तुटपुंज्या पैशांत आणि तितक्याच भंगारातून हा कार्यक्रमही उभा राहिला होता. म्हणून त्यातली थट्टा उंचावरून खाली फेकलेली वाटत नाही. करणारे आणि ज्यांची केली जाते ते, एकाच पंगतीतले.

सुरुवातीच्या केटीएमएच्या काळात हे लोक बव्हंशी आयत्या वेळी सुचेल ते बोलत. ते भाग आज पाहिले की मधले लांब शांत पट्टे जाणवतात. विनोद अधूनमधून उगवतो आणि विझतो. १९८९ च्या नोव्हेंबरात कार्यक्रम देशभर दिसणाऱ्या कॉमेडी चॅनलवर गेला, आणि खरा बदल इथे झाला. आता लिहून काढणं सुरू झालं. लेखकांची टोळी एका खोलीत बसून व्हिडिओवर सिनेमा लावायची, थोडा पुढे जाऊन थांबवायची, सुचलेलं सगळं नोंदवायची, पुन्हा मागे जायची. एकेका भागात विनोदांची संख्या शेकड्यांत जाई आणि प्रत्येक विनोद पात्रांच्या दोन संवादांमधल्या फटीत बसवावा लागे. मूळ संवाद बुडाला तर गंमतही बुडते, हे त्यांना पक्कं कळलं होतं. या खोलीतला मुख्य लेखक माइक नेल्सन. १९९३ मध्ये हॉजसन बाहेर पडल्यावर तोच यानातल्या माणसाच्या जागी आला, आणि मुख्य चेहरा बदलूनही कार्यक्रम चालत राहिला, कारण त्याचा जीव लेखनात होता. त्याच वर्षासाठी कार्यक्रमाला पीबॉडी हा अमेरिकेतल्या प्रसारणक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये एका वाहिनीने बंद केला, १९९७ मध्ये सायफाय चॅनलने पुन्हा घेतला, १९९९ मध्ये तिथेही पडदा पडला. तोवर सुमारे दोनशे भाग झाले होते. २०१५ मध्ये हॉजसनने लोकांकडे पैसे मागितले, तेव्हा ४८ हजारांहून अधिक जणांनी मिळून ५७ लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. वाईट सिनेमे मुद्दाम शोधून बघण्यासाठी लोकांनी खिशात हात घातला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता एक सिनेमा जवळून पाहू. टेक्सासमधल्या एल पासो गावच्या हॅरोल्ड वॉरन या खतविक्रेत्याने १९६६ मध्ये ‘मॅनोस : द हँड्स ऑफ फेट’ नावाचा भयपट काढला. विज्ञानपट नसला तरी या कार्यक्रमाचा हा सर्वांत गाजलेला बळी. कॅमेरा चावी भरून चालणारा. एका दमात तो जेमतेम अर्धा मिनिट चाले, त्यामुळे कुठलंच दृश्य त्यापेक्षा लांब नाही. चित्रीकरणाच्या वेळी आवाज मुद्रित केलाच नाही. नंतर मोजक्या माणसांनी सगळ्यांचे आवाज दिले. सुरुवातीला एक कुटुंब मोटारीतून जात राहतं, जातच राहतं. त्या दृश्यांवर श्रेयनामावली यायची होती, ती कधी टाकलीच नाही. एका ठिकाणी तर दृश्याच्या आधी धरायची क्लॅपची पाटी क्षणभर पडद्यावर दिसते. ३० जानेवारी १९९३ ला हा सिनेमा कार्यक्रमात दाखवला, तेव्हा तो पाठवणारे दुष्ट शास्त्रज्ञसुद्धा यानातल्या माणसाची माफी मागतात. पण त्या तासा-दीड तासात जे होतं ते निव्वळ हसणं नसतं. दृश्य कुठे तुटलं, पात्र कुठे भलतीकडेच बघतंय, शांतता कुठे नको इतकी लांबली, हे सगळं प्रेक्षकाच्या नजरेत भरतं. संकलन म्हणजे काय आणि ते नसलं की काय होतं, हे ज्याने कधी सिनेमाचा अभ्यास केलेला नाही त्यालाही कळून चुकतं.

आणि पुढे काय झालं? एल पासोबाहेर ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्या सिनेमाच्या १६ मिलिमीटरच्या मूळ कामचलाऊ प्रतीचा शोध बेन सोलोव्हे या छायाचित्रणाच्या जाणकाराला २०११ मध्ये लागला. लोकवर्गणीतून तिची डागडुजी झाली आणि २०१५ मध्ये ती स्वच्छ रूपात ब्लू-रेवर आली. थट्टा झाली नसती तर ती रिळं कुणी उघडून बघण्याचं कारणच नव्हतं. आपल्याकडे याची उलट बाजू दिसते. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. उरले ते तीसच्या आसपास, त्यातलेही बरेच तुकड्यांत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं, तोवर बरंच हातचं गेलं होतं. ज्यांची कुणी निंदाही केली नाही असे ते सिनेमे होते, आणि निंदेपेक्षा हे दुर्लक्ष फार महागात पडलं.

यावर पहिला आक्षेप असा, की मेलेल्याला मारण्यात कसला पुरुषार्थ? सिनेमा काढणारे गरीब, हौशी, पुष्कळदा हयातही नसलेले. उत्तर द्यायला ते येऊ शकत नाहीत. आक्षेपात तथ्य आहे, आणि कार्यक्रमातले काही विनोद, विशेषतः नट-नट्यांच्या दिसण्यावरचे, स्वस्त आहेत हे मान्य करायला हवं. याहून गंभीर उदाहरण १९९६ च्या त्यांच्याच चित्रपटाचं. त्यासाठी त्यांनी १९५५ चा ‘धिस आयलंड अर्थ’ निवडला. हा भिकार सिनेमा नव्हेच. रंगीत, नेटका, त्या काळच्या विज्ञानपटांत मान असलेला. मूळ सिनेमा ८५ मिनिटांच्या वर, आणि थट्टेसकट नवा चित्रपट ७५ मिनिटांच्याही आत. म्हणजे मूळ काम कापलं, आणि ते कापलेलं रूप बघून लोक हसले. इथे त्यांनी आपलीच अट मोडली, आणि जुन्या विज्ञानपटांचे चाहते रागावले ते योग्यच होतं. पण या उदाहरणानेच अटीची किंमत कळते. सिनेमा पुरता समोर असतो तोवर प्रेक्षक थट्टेचा खरेपणा स्वतः तपासू शकतो, आणि विनोदी कलावंत चुकीचा वाटला तर सिनेमाची बाजूही घेऊ शकतो. कात्री लागली की तो हक्क जातो.

आपल्याकडे सिनेमाच्या विडंबनाला घरोघरी नेलं ते झी मराठीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’ने. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात निलेश साबळे यांच्या थुकरटवाडी या काल्पनिक गावात नव्या सिनेमाची मंडळी पाहुणी येत, आणि भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे हे त्यांच्याच समोर सिनेमांचं विडंबन करत. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनी त्यात वऱ्हाडी बोलीला जो मान मिळवून दिला, त्याचं मोल बुलढाणा-अकोल्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तरीही हा प्रकार वेगळा आहे. इथे सिनेमा पुन्हा नव्याने रचला जातो. मूळ सिनेमा प्रेक्षकाच्या आठवणीत असतो, डोळ्यांपुढे नसतो. शिवाय पाहुणे समोर बसलेले आणि सिनेमा चालायला हवा, म्हणून थट्टेला प्रेमळ मर्यादा पडते. मिनियापोलिसच्या प्रकाराशी खरं नातं आहे ते तमाशातल्या गवळणीचं. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींना कृष्ण अडवतो, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. मावशी आणि पेंद्या तिच्यावर बोलत राहतात, देवालाही सोडत नाहीत, पण गोष्ट पुढे जातच राहते आणि गण-गवळणीचं पावित्र्य कमी झालं असं कुणाला वाटत नाही. एकनाथांच्या भारुडांपासून दादा कोंडक्यांनी गाजवलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’पर्यंत मराठी माणूस हे शिकत आला, की हसणं आणि मान राखणं एकाच दमात होऊ शकतं. म्हणून ही परदेशी थेरं आपल्याला कशाला, हा दुसरा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. थेरं आपल्या ओळखीची आहेत. फक्त सिनेमापुढे बसून ती लिहून काढण्याची शिस्त आपण अजून अंगी बाणवलेली नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे: मोबाइलवर दिवसरात्र टवाळीच चालू आहे, तिला आणखी प्रतिष्ठा कशाला? पण फोनवरची टवाळी पंधरा सेकंदांच्या तुकड्यावर जगते. त्या तुकड्याच्या आधी काय होतं, नंतर काय झालं, हे बघणाऱ्याला ठाऊक नसतं आणि करणाऱ्यालाही नसतं. दीड तास बसून, शेकडो वाक्यं लिहून, त्यातली पुष्कळ टाकून देणाऱ्यांशी तिची तुलना होऊ शकत नाही. त्या आळशी टवाळीवर उतारा हवा असेल तर तो याच प्रकारच्या मेहनती विनोदात आहे.

आपल्याकडे साहित्य भरपूर आहे. १९५२ मध्ये सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने अमेरिकन मंडळींसोबत ‘द जंगल’ काढला. त्यात हत्तींना केस चिकटवून त्यांचे प्राचीन मॅमथ केले होते. १९६७ च्या ‘चाँद पर चढ़ाई’त दारा सिंग चंद्रावर जाऊन कुस्ती करतात, माणसाचं पाऊल खरोखर तिथे पडायच्या दोन वर्षं आधी. त्याच साली एन. ए. अन्सारींच्या ‘वहाँ के लोग’मध्ये मंगळावरच्या उडत्या तबकड्या आल्या. या सिनेमांपुढे वऱ्हाडी बोलणारे दोघे-तिघे बसवून बघा. ‘चंद्रावर हवा नाही म्हंते, मंग हा ओरडून राह्यला काहून?’ एवढ्या एका वाक्यात विज्ञान, सिनेमा आणि सोनाळ्याचा पार एकत्र येतो, आणि त्यासाठी दारा सिंगांचा अपमान करावा लागत नाही. अडचण हक्कांची आहे. अमेरिकेतल्या कार्यक्रमालाही तीच भोवली. ‘गॉडझिला व्हर्सेस मेगॅलॉन’चा भाग असलेला त्यांचा डीव्हीडी संच हक्कांपायीच बाजारातून मागे घ्यावा लागला. भारतीय कायद्यात सिनेमावरचा हक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. ‘द जंगल’ त्यातून कधीच मोकळा झाला. १९६७ चे दोन्ही सिनेमे १ जानेवारी २०२८ ला मोकळे होतील; त्यांतल्या गाण्यांच्या शब्दांचे आणि चालींचे हक्क मात्र वेगळे, ते गीतकार-संगीतकारांच्या हयातीवर मोजले जातात, म्हणून गाणी आली की परवानगी काढावी लागेल किंवा तेवढा भाग गाळल्याचं प्रेक्षकाला उघड सांगावं लागेल. लिहिणाऱ्यांची खोली तोवर सुरू करायला कुणाची हरकत नाही.