पाद्री स्टीफन्सची घरची पत्रे व ख्रिस्तपुराणाची पोथी

ख्रिस्तपुराणाचा कर्ता पाद्री थॉमस स्टीफन्स मराठी वाचकांस ठाऊक आहे तो मुख्यत्वे मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्यांमुळे. त्या ओव्या क्रमिक पुस्तकांतून व व्याख्यानांतून इतक्यांदा येऊन गेल्या आहेत की, त्यांचा कर्ता स्वदेश सोडून गोव्यास का आला, आणि त्याचे लेखन आज कोणत्या रूपाने शिल्लक आहे, हे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. प्रस्तुत लेखात त्याने पित्यास व बंधूस लिहिलेली दोन पत्रे, रोमेस धाडलेले तिसरे एक पत्र आणि पुराणाच्या पोथ्या यांचा एकत्र विचार केला आहे. पुराणाचा देवनागरी पाठ आधीचा की रोमन पाठ आधीचा, असा एक वाद आहे. त्यात या पत्रांची साक्ष कितपत उपयोगी पडते ते पाहावे, हा हेतू.

स्टीफन्सचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात सुमारे १५४९ साली झाला. बाप लंडनचा व्यापारी. एलिझाबेथ राणीच्या राज्यात रोमन पंथ पाळणे दिवसेंदिवस संकटाचे होत चालले होते. थॉमस पाउंड नावाचा स्टीफन्सचा स्नेही याच कारणाने कैद झाला, तेव्हा स्टीफन्स रोमेस निघून गेला व तेथे १५७५ साली येशूसंघात दाखल झाला. ही वाट परतीची नव्हती. त्याच संघाचा एडमंड कॅम्पियन १५८१ साली इंग्लंडात परतून काम करीत असता पकडला गेला व फाशी गेला. सारांश, घर सोडणे हे स्टीफन्सच्या बाबतीत रोमेस जातानाच घडून गेले होते. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याचे कौतुक करणाऱ्यांच्या हे ध्यानात राहत नाही.

१५७९ च्या ४ एप्रिलास तो लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरला. त्यानंतर सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबरास, त्याने बापास पत्र लिहिले. पत्राचा आरंभ आपल्याकडील जुन्या घरगुती पत्रासारखा आहे. वडिलांचा आशीर्वाद मागितला आहे, मातोश्रींस नमस्कार सांगितला आहे, आणि मग आपले क्षेमवर्तमान. पुढचा बहुतेक मजकूर प्रवासाचा. पाच जहाजांचा ताफा, निघताना झालेली कर्ण्यांची व तोफांची गर्जना, गिनीच्या किनाऱ्याजवळ पडलेला वारा, उडणारे मासे, केप ऑफ गुड होपला वळसा, आणि शेवटच्या टप्प्यात लागलेला रोग. हिरड्या सुजत, अंगे फुगत. सत्तावीस माणसे दगावली, आणि ही संख्या जहाजावरील जाणत्यांस थोडीच वाटली. उत्तर-दक्षिण अंतर आकाशावरून कळते, पूर्व-पश्चिम अंतराला मात्र खात्रीची खूण नाही, ही नाविकांची अडचण तो बापास मोठ्या बारकाईने समजावून सांगतो. अखेरीस गोव्याचे लोक, फळे, माडाची ताडी व नारळ. ज्या कामासाठी आला त्याविषयी जवळजवळ काही नाही.

या मौनाचा अर्थ मी असा करतो. रोमन पंथाच्या पाद्र्याचे पत्र लंडनात व्यापाऱ्याच्या घरी पोचावयाचे. ते कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. म्हणून धर्मविषय टाळून त्याने बापाच्या धंद्यास रुचेल असे, सागराचे व व्यापारी मालाचे, वर्णन केले असावे. झालेही तसेच. हॅक्लूटने १५८९ साली आपल्या प्रवाससंग्रहात हे पत्र छापले आणि ते इंग्रज व्यापाऱ्यांच्या वाचनात आले. त्यापूर्वीच, १५८३ च्या अखेरीस, न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्यास कैदेत आले. त्यांस जामिनावर सोडविण्याच्या खटपटीत स्टीफन्स होता. देश सोडला तरी देशभाऊ सुटले नाहीत.

स्टीफन्सचा कर्मप्रांत जी साष्टी, ती मुंबईजवळची साष्टी नव्हे. मडगाव, राचोल व कुंकळ्ळी ज्यात येतात तो गोव्याचा दक्षिणेकडील महाल होय. हा महाल १५४३ साली आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला. ज्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याची कबर आमच्या रहिमतपुरास आहे, त्याच राज्याचा हा एके काळचा समुद्रकाठचा तुकडा. १५६७ साली येथील देवळे पाडली गेली. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रुडोल्फ ॲक्वाव्हिव्हा व त्याचे चार सहकारी पाद्री गावकऱ्यांनी ठार केले; पुढे त्या गावच्या मुख्य गावकऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. स्टीफन्सने मराठीत पुराण रचले त्याची भूमी ही अशी होती. ग्रंथाचे गुण गाताना हे झाकून ठेवणे इतिहासाभ्यासकास शोभत नाही.

कुंकळ्ळीचे वर्तमान त्याने आपला भाऊ रिचर्ड यास पॅरिसला कळविले. पत्राची भाषा लॅटिन, तारीख २४ ऑक्टोबर १५८३. म्हणजे गोव्यास पाऊल टाकल्यास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. भाऊ स्वपंथीय व धर्मशास्त्राचा पंडित असल्याने येथे लेखणी मोकळी आहे. पण संस्कृतज्ञाचे लक्ष वेधील असे यात दुसरेच एक वाक्य आहे. या प्रांतांतील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानास कटू नाही आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्या जवळची आहे, असा त्याचा अभिप्राय. सर विल्यम जोन्सचे प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. म्हणजे हे दोनशे तीन वर्षे आधीचे. यावरून तौलनिक भाषाशास्त्राचा जनक स्टीफन्स होय, असे कोणी म्हणू लागल्यास ते अतिशयोक्तीचे होईल. त्याला साम्य दिसले. एकाच मूळ भाषेपासून या सर्व निघाल्या असे त्याने म्हटलेले नाही. तथापि विभक्ती, लिंगे व क्रियापदांची रूपे यांत तो चार वर्षांत किती खोल शिरला होता, हे त्या एका वाक्यावरून कळते. पहिल्या पत्रात जो किनाऱ्यावर उभा राहून फळे पाहत होता, तो दुसऱ्यात व्याकरण पाहत आहे.

तिसरे पत्र घरचे नव्हे, पण पोथीसंग्राहकांस तेच अधिक महत्त्वाचे. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्याने येशूसंघाचा रोम येथील मुख्य क्लॉडियो ॲक्वाव्हिव्हा (कुंकळ्ळीस पडलेल्या रुडोल्फचा हा चुलता) यास लिहिले की, मलबारात जशी झाली तशी या प्रांतातही देशभाषेत व देशी लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी आपली अनेक वर्षांची इच्छा आहे. अडचणी त्याने दोन सांगितल्या. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते तेथे या लिपीस सहाशे साचे पाडावे लागतात, ही एक. आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून हे काम होणे नाही, ही दुसरी. जोडाक्षरांचे खिळे ज्याने जुळवून पाहिले आहेत त्यास सहाशेचा आकडा फुगविलेला वाटणार नाही. ते खिळे काही झाले नाहीत. १६१६ साली राचोल येथे पुराण छापले ते रोमन अक्षरांत.

ग्रंथ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर. आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्जिली, तर त्या जागी दुसरे काही का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढील सर्व कथा येते. प्रश्न कवीने कल्पिला असो वा कोणी खरोखर विचारला असो, तो साष्टीच्या त्या काळच्या स्थितीचा नेमका आहे.

स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच वारला. त्याच्या मागे १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशभाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला; छापील पुस्तकांचा मागमूस न राहण्यास तो काही अंशी कारण झाला असावा. ग्रंथ वाचला तो हातांनी उतरलेल्या प्रतींमुळे, आणि त्याही मुख्यतः गोव्याबाहेर, मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांत. १७८४ साली टिपूने तेथील लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेले. त्या बंदिवासात या ओव्या म्हटल्या जात, अशी त्यांच्यात परंपरा सांगतात. अशाच रोमन प्रतींवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढे लंडनच्या प्राच्यविद्यालयात, विल्यम मार्सडेन याच्या संग्रहात, ख्रिस्तपुराणाची देवनागरी पोथी असल्याचे जस्टिन ॲबट यांनी १९२३ साली जाहीर केले. ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे. महिपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच. रोमन पाठात जेथे लॅटिन वा पोर्तुगीज संज्ञा आहेत तेथे या पोथीत पुष्कळदा संस्कृत शब्द आढळतात. म्हणून हाच कवीचा मूळ पाठ, असे त्यांचे मत. १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली व १९९६ साली कॅरिडाड द्रागो यांची मुंबईस. तरी मूळ पाठाविषयी विद्वानांचे एकमत झालेले नाही.

माझ्या मते १६०८ चे पत्र ॲबट यांच्या बाजूने जेवढे दिसते तेवढे नाही. कवीस देशी लिपीची आवड होती, एवढेच त्यावरून ठरते. उलट ग्रंथाच्या मराठी प्रस्तावनेत तो स्वतः सांगतो की, शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाही, म्हणून मागील कवीश्वरांचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे आजच्या कोकणीतले, सोपे शब्द मिसळले आहेत. असा कर्ता असता अधिक संस्कृत तो अधिक मूळ, हे प्रमाण कसे मानावे? विद्वान लेखकु पोथी उतरताना परका शब्द काढून घरचा घालतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. अर्थात मूळ देवनागरी रचून छापण्यापुरते शब्द बदलले, हाही संभव उरतोच. निर्णय व्हावयाचा तो ओवीओवीचे पाठ ताडून.

त्या कामासाठी रोमन प्रतींची लिपी ओळखीची हवी. श बद्दल एक्स हे अक्षर येते, आणि मूर्धन्य वर्ण दाखविण्यास रोमन अक्षर दोनदा लिहितात: ट, ड, ण, ळ यांत दुहेरी, त, द, न, ल यांत एकेरी. ही योजना करणाऱ्याचा कान चांगलाच तयार होता. परंतु नकलकाराच्या हातून एक अक्षर गळले की पाडचा पाद होतो आणि बाळचा बाल. मोडीतील ऱ्हस्वदीर्घाप्रमाणे येथेही अर्थावरून वाचावे लागते.

मंगळूर, कारवार वा गोव्याकडील कोणा घरी अशी प्रत आढळल्यास पुढील गोष्टी टिपून मंडळाकडे कळवाव्यात: मराठी प्रस्तावना आहे की नाही, दोन्ही पुराणांचे अवस्वर पुरे आहेत काय, शेवटी नकलकाराचे नाव व साल आहे काय, आणि मागील छापील आवृत्तीचा उल्लेख कोठे आहे काय. पहिली चार पाने व शेवटचे पान यांची छायाचित्रे पुरतील. पोथी जागची हलवू नये.